‘पोचलो की फोन करतो’चं इंग्रजी

‘आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच.’ हा मेसेज आपल्याकडे सर्रास जातो. ऑफिसच्या ग्रुपवर, क्लायंटला, अमेरिकेतल्या भाच्याला. त्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, समोरच्याला अर्थही कळतो. तरी इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना त्यातला दुसरा ‘विल’ खटकतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत. ती परदेशी टीमबरोबर कॉलवर असतात, परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, आणि हा दुसरा ‘विल’ त्यांच्याही लिखाणात टिकून आहे. याला अभ्यासातली हयगय कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. शाळेत आपण ‘व्हेन’चा अर्थ ‘जेव्हा… तेव्हा…’ असा लावायला शिकलो, आणि मराठीतून इंग्रजीत जातानाही त्याच पुस्तकी मराठीवरून जातो. घरी मात्र ‘मी जेव्हा पोचेन तेव्हा मी तुला फोन करेन’ असं कुणी बोलत नाही. ‘पोचलो की फोन करतो’ म्हणतो. हे घरचं वाक्य इंग्रजीच्या बरंच जवळ आहे. ते धरून चाललं तर अर्ध्याअधिक चुका आपोआप टळतात.

वेळ शेपटीला की तोंडाशी

दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दाला व्याकरणात उभयान्वयी अव्यय म्हणतात. त्यातले काही दोन घटनांमधलं वेळेचं नातं सांगतात: व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अनटिल, सिन्स, वन्स, अ‍ॅज सून अ‍ॅज. इथून पुढे त्यांना नुसतं ‘वेळेचे शब्द’ म्हणू, आणि ते ज्या वाक्याला लागतात त्याला ‘वेळेचं वाक्य’. उरलेलं ते मुख्य वाक्य.

मराठीला असे वेगळे शब्द फारसे लागत नाहीत. ती वेळ क्रियापदाच्या शेपटीलाच बांधते: आल्यावर, येताना, येण्याआधी, येईपर्यंत, आल्यापासून, आल्याआल्या. इंग्रजीत वेळेचा शब्द वाक्याच्या तोंडाशी बसतो आणि त्याच्यामागे सहसा कर्त्यासकट अख्खं वाक्य येतं. ‘आल्यावर’ म्हणताना कोण आलं ते आपण सांगत नाही, ऐकणारा समजून घेतो. ‘आफ्टर ही केम’ म्हणताना ते सांगावंच लागतं. या फरकाचा हिशेब पुढे ‘जाताना’पाशी चुकता करावा लागणार आहे.

विरामचिन्हाचं एवढंच, की वेळेचं वाक्य आधी आलं तर ते संपल्यावर स्वल्पविराम द्यायचा. नंतर आलं तर सहसा लागत नाही.

दुसरा ‘विल’ कुठे गेला?

बरोबर वाक्य असं: ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ पोचणं अजून व्हायचंय, मग ‘रीच’ साधा वर्तमानकाळ कसा?

रस्ता सांगताना आपण म्हणतो, ‘मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा.’ देऊळ तिथे असेल की नसेल, यावर आपण चकार शब्द काढत नाही. ते आहे असं धरून चालतो, सांगायचं असतं ते वळण. वेळेचं वाक्य म्हणजे ते देऊळ. फोन करण्याचं आश्वासन मुख्य वाक्यात ‘विल’ लावून दिलं, पोचणं ही फक्त त्याची खूण. म्हणून पुढे घडायची गोष्ट असली तरी व्हेन, बिफोर, आफ्टर, अनटिल, वन्स, अ‍ॅज सून अ‍ॅज यांच्यामागे साधा वर्तमानकाळ येतो: ‘बिफोर शी लीव्ह्ज’, ‘अनटिल द रेन स्टॉप्स’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज दे साइन’.

आणि मराठी काय करते? ‘पोचलो की’, ‘पाऊस थांबला की’, ‘सही झाली की’. गोष्ट उद्याची, रूप चक्क भूतकाळाचं! ‘पोचेन की फोन करतो’ असं लहान मूलसुद्धा म्हणत नाही. म्हणजे वेळेच्या वाक्यातून भविष्यकाळ बाहेर ठेवायची सवय आपल्या जिभेला आहेच. ‘जेव्हा मी पोचेन तेव्हा’ हे पुस्तकी वाक्य मध्ये आलं की ती मोडते.

एखादं काम पुरं झाल्यावरच पुढचं होणार असेल तर इंग्रजीत ‘हॅव’ची मदत घेतात. ‘वन्स यू हॅव पेड, वी विल शिप द ऑर्डर.’ पैसे भरून झाले की माल निघेल. इथेही आपलं ‘झाले की’ नेमकं बसतं.

जाता जाता, ‘आला की’ आणि ‘आला तर’ यांत जो फरक, तोच ‘व्हेन ही कम्स’ आणि ‘इफ ही कम्स’मध्ये. कामाच्या ईमेलमध्ये हा फरक जपावा. साहेबांनी बजेटला अजून होकार दिलेला नसताना ‘व्हेन यू अप्रूव्ह द बजेट’ लिहिलं, तर होकार गृहीत धरल्यासारखं होतं. काही साहेबांना ते चालतं, काहींना नाही.

पण ‘व्हेन’नंतर ‘विल’ छापलेलं पाहिलंय, त्याचं काय?

पाहिलं असेलच, आणि ते बरोबरही असेल. मराठीत ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजी दोन्हींचं काम एका ‘व्हेन’वर भागवते. ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’ म्हणजे तो केव्हा येईल मला माहीत नाही. इथे ‘व्हेन’च्या पोटात प्रश्न आहे. येणं हाच मुद्दा आहे, खूण नव्हे. म्हणून ‘विल’ हवाच.

हा फरक नुसता शोभेचा नाही. साहेबांनी असिस्टंटला पाठवलेल्या या दोन ओळी पाहा:

‘टेल मी व्हेन द क्लायंट विल कम.’
‘टेल मी व्हेन द क्लायंट कम्स.’

पहिलीचा अर्थ, क्लायंट कधी येणार ते सांग. असिस्टंटने आत्ता फोन लावून वेळ विचारायची आहे. दुसरीचा सरळ अर्थ, क्लायंट आला की सांग. आत्ता काहीच करायचं नाही, दाराकडे लक्ष ठेवायचं. एका ‘विल’ने कामच बदललं.

म्हणून अडलं की त्या जागी ‘की’ लावून बघा. ‘आला की’, ‘पोचली की’, ‘झालं की’ बसत असेल तर ‘विल’ काढा. ‘कधी’ किंवा ‘केव्हा’ बसत असेल तर ठेवा.

व्याकरणाची आवड असलेले वाचक इथे अडवतील. ‘द डे विल कम व्हेन मशीन्स विल ड्राइव्ह ऑल अवर कार्स’ हे वाक्य चूक नाही, आणि त्याचं मराठी ‘असा दिवस येईल, जेव्हा यंत्रंच सगळ्या गाड्या चालवतील’ असंच होतं. मग? इथे ‘व्हेन’ दिवसाचं वर्णन करतो, कसा दिवस ते सांगतो. ‘चालवली की’ इथे लावून बघा, बसतच नाही. ‘जेव्हा’ फसवतं, ‘की’ फसवत नाही.

हा इंग्रजीचाच हट्ट आहे का? तसं नाही, जर्मनही अशा जागी बिनदिक्कत वर्तमानकाळ वापरतात. फ्रेंच मात्र ‘तो येईल तेव्हा’ असाच भविष्यकाळ वापरतात, त्यामुळे फ्रेंच माणूस इंग्रजी लिहिताना नेमका आपल्यासारखाच अडखळतो. आणखी गंमत अशी, की हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘था… था…’ अशी जोडी होती. पहिला ‘था’ म्हणजे जेव्हा, दुसरा म्हणजे तेव्हा. पुढे ही जोडी मोडली. आज ‘व्हेन ही केम, देन आय लेफ्ट’ असं आपण लिहितो त्यातला ‘देन’ आपल्या ‘तेव्हा’ने आत सोडलेला असतो. तो काढला की वाक्य सुटसुटीत होतं.

एक ‘पर्यंत’, इंग्रजीत दोन वाटा

‘तू येईपर्यंत मी थांबतो’ आणि ‘तू येईपर्यंत मी स्वयंपाक आटपते.’ मराठीत दोन्हीकडे ‘येईपर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘अनटिल यू कम’, दुसऱ्याला ‘बाय द टाइम यू कम’. थांबणं हे शेवटच्या क्षणापर्यंत चालू राहणारं काम आहे. स्वयंपाक मात्र त्या क्षणाच्या आत कधीही उरकू शकतो, दहा मिनिटं आधी किंवा तासभर आधी. चालू राहणाऱ्याला अनटिल, आत उरकणाऱ्याला बाय द टाइम.

पुढे नुसता वार किंवा तारीख असली तरी हेच. ‘सोमवारपर्यंत फॉर्म भरा’ याचं इंग्रजी ‘सबमिट द फॉर्म बाय मंडे’. आपण ‘टिल मंडे’ लिहितो, म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत एकसारखा फॉर्म भरतच राहा.

यापेक्षा मोठा घोळ नकाराचा. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ यावरून हमखास तयार होतं ते ‘अनटिल यू डोंट कम, आय वोंट ईट’. मराठी वाक्य तुझ्या नसण्याचा काळ मोजतं: तू नाहीस, तेवढा वेळ जेवण नाही. ‘अनटिल’ काळ मोजत नाही, तो जिथे संपतो ती रेघ मारतो, आणि ती रेघ म्हणजे तुझं येणं. न येणं ही रेघ कशी होईल? म्हणून ‘आय वोंट ईट अनटिल यू कम.’ पुन्हा घरचं मराठी आठवा. ‘तू येईपर्यंत मी जेवणार नाही’ असंही आपण म्हणतोच, आणि त्यात दोन ‘नाही’ नाहीत.

पाऊस ऑफिसला जात नाही

इथे मात्र घरचं मराठीच दगा देतं. ‘ऑफिसला जाताना पाऊस आला.’ मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. जाणारा मी, येणारा पाऊस, ऐकणाऱ्याला शंका नाही. त्याचं ‘व्हाइल गोइंग टू ऑफिस, द रेन स्टार्टेड’ केलं, की काटेकोर इंग्रजी वाचकाला पाऊस ऑफिसला निघालेला दिसतो. ‘व्हाइल’ किंवा ‘आफ्टर’च्या मागे कर्ता गाळून नुसतं ‘गोइंग’, ‘कमिंग’ ठेवलं, तर मुख्य वाक्याचा कर्ता तोच असावा लागतो. कर्ते दोन असतील तर दोन्ही लिहायचे: ‘व्हाइल आय वॉज गोइंग टू ऑफिस, इट स्टार्टेड रेनिंग.’

‘घरी आल्यावर आई चिडली’ यात तर मराठीतही घोळ आहे. घरी कोण आलं? मी की आई? बोलताना संदर्भाने निभावतं. इंग्रजीत लिहिताना ‘आफ्टर आय केम होम’ की ‘आफ्टर शी केम होम’, ते ठरवूनच लिहावं लागतं.

‘व्हाइल’ हा मुळात ताणलेल्या वेळेचा शब्द, त्याच्यासोबत चालू असलेली क्रिया शोभते. मध्येच टपकणाऱ्या घटनेला ‘व्हेन’. ‘आय वॉज कुकिंग व्हेन द गॅस रॅन आउट.’ इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बोलीत ‘व्हाइल’चा अर्थ चक्क ‘पर्यंत’ होतो, तिथले जुने लोक नऊ ते पाचच्या नोकरीला ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणतात. तेव्हा इंग्रजी सगळीकडे एकच असते, या समजुतीत आपण राहू नये.

गाडी सुटली की सुटली होती?

‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट.’ मी पोचलो आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी पोचलो तेव्हा ती आधीच सुटली होती, फलाट रिकामा. ‘व्हेन’ एकटा दोन घटनांचा क्रम नीट सांगत नाही, त्यामुळे ‘हॅड’वर बरंच अवलंबून राहतं. आपलं ‘होती’ इथे अचूक जुळतं.

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ची गोष्ट वेगळी. ‘डॉक्टर येण्यापूर्वीच पेशंट दगावला होता’ या वाक्याचं इंग्रजी कित्येक पिढ्यांनी फळ्यावर लिहिलं आहे, आणि त्यात ‘हॅड डाइड’ नसेल तर गुण कापले गेले आहेत. खरं तर ‘बिफोर’मध्येच आधी-नंतरचा क्रम आला, म्हणून ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हेही शुद्ध इंग्रजी आहे.

उलट बाजूने ‘होतो’ आपल्याला गोत्यातही आणतं. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत सहज बोलणं. त्याचं ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे’ होत नाही, कारण पुण्याला जाण्यानंतरची दुसरी कुठलीच घटना इथे नाही. साधं ‘आय वेंट’ पुरतं.

‘पासून’चं दुखणं

‘मी २०१९ पासून इथे काम करतो.’ मराठीत वर्तमानकाळ, म्हणून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स २०१९’. इंग्रजीला इथे ‘हॅव’ हवा, कारण काम तेव्हा सुरू झालं आणि आजपर्यंत ओढत आणलं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१९.’ ‘सिन्स’मागे वाक्य आलं तर ते भूतकाळात ठेवायचं, कारण तो सुरुवातीचा बिंदू. ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स आय केम.’ मी आल्यापासून पाऊस पडतोय.

‘पाच वर्षांपासून’ला मात्र ‘सिन्स’ चालत नाही. पाच वर्षं हा सुरुवातीचा बिंदू नाही, लांबी आहे, तिला ‘फॉर’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे लागतं, म्हणून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ इतकं चिवट झालं आहे.

परीक्षेतला लाडका: ‘नो सूनर… दॅन’

बोर्डाच्या पेपरातल्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मुळे हा प्रकार महाराष्ट्रभर पाठ आहे. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट’ याचं ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ करा. मुलं ते करतात, पण ‘दॅन’ की ‘व्हेन’ यात दरवर्षी गोंधळतात. कारण कळलं तर पाठांतर लागत नाही. ‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप, ‘टॉलर’, ‘बेटर’सारखं, आणि तुलनेला ‘दॅन’ लागतोच. ‘हार्डली’, ‘स्केअर्सली’ यांत तुलना नाही, म्हणून त्यांच्यामागे ‘व्हेन’. ‘डिड’ पुढे येतो तो नकारामुळे. नकाराचा सूर असलेला असा शब्द तोंडाशी बसला की इंग्रजीत मदतनीस क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं, आणि ‘डिड’ आला की ‘रँग’चं पुन्हा ‘रिंग’ होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. बोलताना हे वाक्य जवळपास कुणी वापरत नाही. इंग्रज माणूस ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणतो, नाहीतर ‘द मोमेंट’, ‘द मिनिट’. आपलं ‘आल्याआल्या’ किंवा ‘आल्याबरोबर’ तेवढंच चटपटीत आहे. शाळेत ‘नो सूनर’वर जेवढा घाम गाळतात, त्याच्या निम्मा ‘बाय’ आणि ‘अनटिल’वर गाळला तर मुलांना नोकरीत उपयोग होईल.

कळतंय ना, मग एवढं काटेकोर कशाला?

आक्षेप रास्त आहे. ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ भारतात कुणालाही कळतं, आणि भारतीय इंग्रजी ही तिच्या लकबींसकट जगणारी भाषा आहे. दोन मराठी माणसं आपसात ‘व्हेन आय विल रीच’ म्हणत असतील तर कुणी टोकायचं कारण नाही. आयईएलटीएसच्या लेखनात मात्र व्याकरण हा चार निकषांपैकी एक आहे आणि चारींचं वजन सारखं, तिथे अशा चुका मोजल्या जातात.

खरी काळजी घ्यायची ती अर्थ बदलतो तिथे. ‘टेल मी व्हेन’ची दोन रूपं वर पाहिलीच. तसंच तारखांचं. रजेच्या अर्जात ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह टिल मंडे’ लिहिलं, तर सोमवारी तुम्ही कामावर आहात की नाही? वाचणारा दोन्ही समजू शकतो. कायद्याने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला आहे. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगणाऱ्या आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या नवव्या कलमाप्रमाणे ‘फ्रॉम’ लिहिलं की पहिला दिवस वगळायचा आणि ‘टू’ लिहिलं की शेवटचा धरायचा. अमेरिकेत ‘थ्रू मंडे’ म्हणतात, त्यात सोमवार आला. आपल्या साहेबांना कलम नऊ किंवा अमेरिकी रिवाज ठाऊक असेल यावर विसंबू नये. अर्जात ‘आय विल बी बॅक ऑन ट्यूजडे’ एवढीच ओळ वाढवावी.